युसूफ कायदा शिकून आला

युसूफ गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं. महिना होऊन गेला, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. टीव्ही लावतो, बंद करतो, चपला घालून काल्हेरच्या नाक्यापर्यंत जातो आणि उगाच परत येतो. आता भांडू कोणाशी?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत त्याच्या अब्बांचा लूमचा कारखाना होता, मी तिथं कापड तपासायला होतो. एकदा रामअवतार नावाच्या कामगाराचा हात पट्ट्यात सापडला. जखम भरल्यावर बिचारा ड्युटीवर आला, तर अब्बांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. युसूफ नुकताच बी.कॉम. झालेला. सगळ्यांदेखत म्हणाला, "अब्बा, असं काढता येत न्हाय. कायदा हाय." अब्बा भडकले, "मला कायदा शिकवतोस? आधी स्वतः शिकून ये!"

रागाच्या भरात बोलले हो ते! पण आमचे साहेब खरंच शिकायला निघाले. ठाण्याच्या लॉ कॉलेजात कामगार कायद्याच्या पदविकेचे संध्याकाळचे वर्ग होते. तिथं नाव घातलं, वर मलाही ओढलं. कलमं पाठ करताना हा गच्चीवर नुसता येरझारा घालायचा आणि मी पुस्तक धरून त्याच्या मागं मागं. "अरे, दम घे की जरा!" "रामअवतार तिकडं एका हातानं हमाली करतोय, आणि मी दम घेऊ?" पहिल्याच परीक्षेत मी सपशेल आपटलो. तो पास झाला.

मग कामगार कोर्टात युनियनतर्फे रामअवतारची बाजू मांडायला तोच उभा राहिला. समोर अब्बा! पण पठ्ठ्यानं एक मुद्दा सोडला नाही. तारखांवर तारखा पडल्या आणि शेवटी निकाल लागला... रामअवतारला कामावर परत घ्या. बाहेर अब्बा बाकावर बसले होते. युसूफ हळूच त्यांच्या शेजारी टेकला. "ऊठ," अब्बा म्हणाले. "यापुढं माझ्याजवळ बसायचं न्हाय."

रामअवतार कामाला लागला. अब्बा त्याला कधी एका शब्दानं टोचून बोलले नाहीत. पण पोराला मात्र माफी नाही. युसूफ रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत जायचा, औषध द्यायचा, पाय चेपायचा, सगळं उभ्यानं. मी चिडायचो, "बस ना सरळ! काय करतील?"

"त्यांनी म्हणायला पाहिजे रे..."

अब्बा गेले, ते न म्हणताच गेले. याचा मला अजून राग येतो.

परवा युसूफच्या घरी भेटायला गेलो. भाभी मला त्याच खोलीत घेऊन गेल्या. अब्बांची खाट तिथंच आहे, वर स्वच्छ चादर. "बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. "हे कधी बसले न्हाईत इथं. छातीत कळ आली तेव्हासुद्धा भिंत धरून उभे. मी म्हटलं, बसा हो! तर म्हणाले, अब्बांनी अजून सांगितलं न्हाय..."

चहा आला. मी तो उभ्यानंच प्यालो.