आसरांच्या पुढची आंबील

कस्तुराबाई लग्न होऊन कामरगावहून मालेगावला आली, ती तेराव्या वर्षी. सोबत पितळी डबा, दोन लुगडी आणि डोक्यात एक पक्की गोष्ट: सकाळी पोटात आंबील पडल्याशिवाय माणसानं उन्हात जाऊ नये. तिचे वडील साठी उलटली तरी स्वतः मोट हाकत. कारण विचारलं तर बोलत नसत, चुलीजवळच्या गाडग्याकडे बोट दाखवत.

सासरी मात्र आंबील वर्षातून एकदाच व्हायची, भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की. एरवी तिनं नाव काढलं की सासूबाई, जिजाबाई, म्हणायच्या, "तो देवीचा घास हाय वं. रोज कायले?"

घरचा मळा गावाबाहेर, नाल्याच्या अंगाला होता. फार मोठा नव्हता, पण विहीर बारमाही होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, काही ना काही बाजाराला निघायचंच. तिचे मालक उत्तमराव कोंबडा आरवला की बैल जुंपायचे, आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येईपर्यंत मोट चालायची. मोटेवर ते गाणी म्हणत. गळा काही गोड नव्हता, पण वाटसरू थांबून ऐकत.

अडचण होती ती एका नवसाची. उत्तमराव तीन वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या होत्या. तेव्हा जिजाबाईंनी पदर पसरला: पोरगं वाचलं तर जन्मभर आंघोळ करून, देवाला नैवेद्य दाखवून मगच ते अन्नाला शिवेल. पोरगं वाचलं, नेम राहिला. नैवेद्य व्हायचा दुपारी, मोट सोडून घरी आल्यावर. म्हणजे रात्रीच्या भाकरीवर माणूस थेट दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत राबायचा, नुसतं विहिरीचं पाणी पिऊन. अंगात जवानी होती तोवर चाललं. चाळिशी आली तशी पिंडऱ्यांना गोळे येऊ लागले, उन्हाळी लागू लागली. लघवीला जाताना आग व्हायची, पण सांगणार कुणाला?

मग एका वैशाखात, मोट वर येत असतानाच, उत्तमराव चक्कर येऊन धावेवर, बैलांच्या उतरत्या वाटेवर, आडवे झाले. बैल शहाणे, जागच्या जागी थांबले. शेजारच्या मळ्यातला चंपत धावत आला. त्यानं त्यांना उंबराच्या सावलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं. ते शुद्धीवर आल्यावर हळूच म्हणाला, "दादा, राग नोको मानू. मळा मले अर्धेलीनं दे, अर्धं पीक तुह्यं, अर्धं माह्यं. बैल दर खेपेले थांबतीलच असं नाई."

चंपत वाईट माणूस नव्हता, आणि बोलला ते खोटंही नव्हतं. उत्तमरावांनी मुंडासं पुन्हा बांधलं. "पुढच्या आखाजीलोक पाहू," एवढंच म्हणाले; म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत वर्षाची मुदत. त्या उन्हाळ्यात पुन्हा गाणं ऐकू आलं नाही. कस्तुराबाईला त्यांच्या पडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

तिनं एकदा विषय काढून पाहिला. "पहाटे घोटभर काई घेतलं तं?"

"आईचा शब्द हाय," उत्तमराव म्हणाले.

"माह्या नवसाले पाय लावून राह्यली का तू?" आतून जिजाबाई म्हणाल्या. विषय मिटला.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. जिजाबाई पाटावर बसून हुकूम सोडत होत्या आणि कस्तुराबाई चुलीशी आंबील घोटत होती. आदल्या संध्याकाळी ज्वारीचं पीठ ताकात भिजवलेलं. आता उकळत्या पाण्यात जिरं-मीठ घालून ते हळूहळू सोडायचं आणि चकाकी येईपर्यंत हात थांबवायचा नाही.

"लसूण नोको घालू. देवीले चालत नाई."

"नाई घालत. आत्याबाई, एखाद्या साली पुरण नाई जमलं तं?"

"तं देवी समजून घेते. आंबील नाई झाली तं पाटावरून उठून जाते."

कस्तुराबाईचा हात क्षणभर थांबला. "गुठळी होईल," सासूबाई म्हणाल्या, तसा पुन्हा फिरू लागला. ती पुढं काही बोलली नाही. सात महिने बोलली नाही. मळ्यात राबणारी बाई, अवकाळी बी टाकत नाहीत हे तिला ठाऊक होतं.

चैत्राचं ऊन चटकायला लागलं तसं एका संध्याकाळी तिनं पीठ भिजवलं. सकाळी न्हाऊन आंबील केली, गाडग्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि विहिरीवर गेली. उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड होते, पाण्याच्या देवता, सात आसरा. तिनं त्यांच्यापुढे वाटी ठेवली, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. मग ती वाटी उत्तमरावांपुढे केली.

"झाला नैवेद्य. घ्या आता."

"देव तं घरी हाय."

"मंग ह्या कोण हायेत? शेंदूर तं आत्याबाईच लावतात."

उत्तमरावांनी वाटीकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं. "आईले इचारलं का?"

"नाई."

ते उठले आणि बैलांकडे गेले.

कस्तुराबाई तशीच घरी आली. जिजाबाई तूर निवडत होत्या. तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. म्हाताऱ्या बाईनं सुपातले चार खडे वेचून टाकले.

"लसूण घातला होता?"

"नाई."

"आंघोळ करून केली?"

"हो."

"अन त्यानं केली होती आंघोळ?"

हे कस्तुराबाईला काही सुचलंच नव्हतं. मग म्हणाली, "मोटेचं पाणी थारोळ्यात पडतेच. दोन तांबे अंगावर घेतले की झालं."

जिजाबाईंनी सूप पाखडलं. "उद्यापासून घे म्हणा. आज राहू दे उपाशी. न इचारता गेली त्याची शिक्षा." थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आसराईले इतक्या वर्षांत नुसता शेंदूरच लावला मी. खायले कोणी देल्लं त्याईले?"

कस्तुराबाईनं हसू लपवायला पदर तोंडाशी धरला आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सूर्य हातभर वर आला की ती गाडगं घेऊन जायची. उत्तमराव थारोळ्याशी अंग धुऊन तयारच असायचे. आधी आसरांना वाटी, मग त्यांना दोन वाट्या. आंबट, गार, मिठाची. पोटात ओझं होत नसे, की तहानही लवकर लागत नसे. पंधरा दिवसांत पिंडऱ्यांचे गोळे गेले. उन्हाळी लागली नाही. एकदा मात्र ते कुरकुरले, "लसूण पायजे होता." दुसऱ्या दिवशी तिनं पळसाच्या पानात लसूण-मिरचीचा ठेचा बांधून नेला. नैवेद्य दाखवून झाल्यावर त्यांच्या वाटीत मिसळला. देवीचं देवीला, माणसाचं माणसाला.

आखाजीच्या दिवशी चंपत उत्तर ऐकायला आला. ऊन डोक्यावर आलं होतं. बांधावर पाय ठेवला आणि त्याच्या कानावर उत्तमरावांचं गाणं पडलं. तो तिथंच थांबला.

"दादा, अर्धेलीचं काय मंग?"

"सावलीत बस अन आंबील पी."

चंपतनं एक वाटी संपवली, मग मागून दुसरी घेतली. मिशा पुसत गाडग्याशी बसलेल्या कस्तुराबाईला म्हणाला, "वहिनी, माह्या घरवालीले, प्रयागबाईले, सांगजा, कशी करतात."

"सांगीन. पण पह्यले तुमच्या विहिरीवरचे दगड धुवा. बकऱ्या बसतात त्याईवर."

मळा कुणाला दिला नाही. उत्तमरावांनी पुढं सतरा उन्हाळे मोट हाकली, मग मोटेचा नाडा पोराच्या हाती दिला. तोवर जिजाबाईंचे दात गेले होते. सकाळी वाटीभर आंबील हाच त्यांचा आहार. एकदा पहिला घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली.

"लसूण नाई घातला का वं?"

"नाई आत्याबाई. नैवेद्याच्यातलीच हाय."

"नैवेद्य झाला ना?"

"झाला."

"मंग मले काहून सपक पाजून राह्यली? घाल."