पळीभर पाणी

“कोरडं नको.”

काशीतल्या दुर्गाघाटावरच्या आमच्या गुरुजींचं हे वाक्य आधी यायचं आणि मागोमाग त्यांचा उजवा हात डाव्या हातातल्या तांब्याकडे जायचा. तांब्यात गंगाजल आणि त्यात बुडवलेली पितळी पळी. नव्या कुकरात थेंब, पाहुण्याच्या चहात थेंब, माझ्या सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधातसुद्धा थेंब. मी एकदा म्हणालो, “गुरुजी, औषधाचं प्रमाण बिघडेल.” तर म्हणाले, “अहो हिशेबी, गंगेनं कधी कुणाचं बिघडवलंय का?”

मी बँकेत हिशेब तपासतो, म्हणून हिशेबी. आमच्या घरातली सत्यनारायणापासून श्राद्धापर्यंतची सगळी कार्यं त्यांनीच केली. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्याचा उपद्रवसुद्धा मायेचा असतो आणि म्हणून त्याला कुणी थांबवत नाही.

गुरुजींना एकच मुलगी, मुक्ता. ती नोएडात इंजिनिअर. तिने जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी ती ट्रॅकवर नेऊन पळवायची. गल्लीतला पानवाला विचारायचा, “पंडितजी, बिटिया आजकल किससे रेस लगा रही है?” गुरुजी शांतपणे सांगायचे, “हमारे विद्यार्थी संथा घोटते हैं, वो मोड़ घोटती है.” बोलून दाखवत नसत, पण मुलीचा अभिमान त्यांच्या चालण्यात दिसायचा.

त्या दसऱ्याला मुक्ता गाडी घेऊन काशीला आली. आमच्या गल्ल्यांत सायकलसुद्धा कुरकुरत शिरते, त्यामुळे गाडी बाहेर मोठ्या रस्त्याजवळ उभी होती. शस्त्रपूजेच्या दिवशी आपल्याकडे विळीपासून वाहनापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. गुरुजींनी गाडीची पूजा अशी मांडली, की येणारे-जाणारे थांबून बघू लागले. झेंडूची माळ घातली, बॉनेट उघडायला लावलं, इंजिनावर अक्षता टाकल्या. नारळ घरीच राहिला होता. तो आणायला मुक्ता गेली आणि गुरुजींना कोपऱ्यातली झाकणाची छोटी डबी दिसली.

“हिशेबी, केवढं सुबक पात्र बघा!” त्यांनी झाकण फिरवून काढलं. “तेल आहे. पाणी नाहीच. म्हणजे कोरडंच की.”

मी ताम्हण धरून उभा होतो. कसल्याशा वंगणाची डबी असेल, पळीभर पाण्याने काय बिघडणार, असं मला वाटलं. गुरुजींनी आचमनाच्या तीन पळ्या मोजून त्यात सोडल्या, मंत्र म्हटला आणि झाकण नीट लावलं. मुक्ता नारळ घेऊन आली तेव्हा ते घाम पुसत होते.

देवदिवाळी झाली आणि गुरुजींनी मनावर घेतलं. “पोरगी काय करते ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. चला.” आम्ही रेल्वेने दिल्लीला गेलो आणि तिथून मुक्ताच्या ट्रॅकवर. धोतर, कानटोपी आणि हातात तांब्या अशा वेशात गुरुजी कठड्याला टेकून उभे राहिले. गाडी समोरून गेली की त्यांची मान वळायची. “आली! गेली!” एवढंच समालोचन.

मग एका वळणावर गाडी वळलीच नाही. ती सरळ कडेच्या खडीत शिरली आणि धुळीचा लोट उठला. गुरुजींनी माझी बाही घट्ट धरली. धूळ बसली, मुक्ता हेल्मेट काढून बाहेर आली, हात हलवला. तेव्हा कुठे ती त्यांनी सोडली.

गाडी ओढून शेडमध्ये आणली. “क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही,” मुक्ता म्हणाली. “गिअर पडेना, वेग आवरेना.” तिने बूट पेडलखाली अडकवून ते वर ओढलं, दाबलं, ते पुन्हा खालीच राहिलं. गुरुजी एका टायरवर बसले होते. मी तिच्याजवळ उभा राहिलो. एकेक शक्यता खोडत जाणं हे माझंही कामच.

“मॅट अडकली असेल?”

“काढली, काका. तरी तेच.”

पेडलची स्प्रिंग बघितली, ती शाबूत. दांडी वाकलेली नव्हती. एव्हाना चहा आला. चहा संपवून तिने सहज पेडल दाबलं, तर ते शहाण्यासारखं वर आलं.

“ताप उतरला वाटतं,” मी म्हणालो.

ती थबकली. “बरोबर बोललात. लोखंड मोडलं असतं तर थंड झाल्यावरही मोडलेलंच राहिलं असतं. हे तापल्यावरच आजारी पडतंय. म्हणजे दोष तेलात. पेडल दाबलं की तेल क्लचला ढकलतं. तेलात पाणी असेल तर तापून त्याची वाफ होते. मग पाय फक्त वाफ दाबत बसतो.”

असं म्हणून तिने कोपऱ्यातल्या त्या छोट्या डबीचं झाकण उघडलं.

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी तांब्याकडे बघत होते.

मुक्ताकडे तेलातला ओलावा दाखवणारी पेनासारखी वस्तू होती. ती डबीत बुडवताच लाल दिवा लागला. “दसऱ्याआधीच तर नवं तेल भरलंय!” तिने तिथूनच गॅरेजवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मैडम, डिब्बा तो आपके सामने खोला था,” पलीकडचा माणूस म्हणत होता.

“तो पानी कहाँ से आया? आसमान से टपका? मेरी जान जाते-जाते बची है. हमारे ग्रुप का एक भी आदमी अब आपके यहाँ गाड़ी नहीं देगा, लिख के डाल रही हूँ.”

“मैडम, ऐसा मत कीजिए. बीस साल की इज़्ज़त है.”

गुरुजी उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. हे बोलणार आहेत हे मला कळलं, आणि मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. ज्यांच्या पाया पडून आपण मोठे झालो, त्यांचा चेहरा असा उतरताना बघू नये.

“मुक्ता, फोन दे.” त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “भैया, हम इनके पिताजी बोल रहे हैं, काशी से. आपका कोई दोष नहीं. पानी हम डाले रहे.”

पलीकडून तो माणूस चाचरत म्हणाला, “कौन सा पानी, पंडितजी?”

“गंगाजल.”

“अरे, तो फिर दोष थोड़े लगेगा, महाराज.”

“गाड़ी को तो लगा न, बेटा.”

शेडमधलं कुणीतरी फस्सकन हसलं. गुरुजींचे कान लाल झाले. मुक्ता एवढंच म्हणाली, “बाबा, त्या वळणावर मी...” आणि थांबली. तिने जुनं तेल काढायला घेतलं. खाली धरायची बाटली गुरुजींनी उचलली, तेव्हा वर न बघता म्हणाली, “तुम्ही बसा.” ते बसले. ती चिडून ओरडली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत गुरुजींनी सहप्रवाशाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

काशीला आल्यावर मात्र त्यांनी एक विचित्र काम काढलं. ज्यांच्या ज्यांच्या वाहनांची पूजा केली होती, त्या घरी ते जाऊ लागले. आधार म्हणून मी बरोबर. दारात उभं राहून हात जोडायचे. “तुमच्या स्कूटरचं एखादं झाकण मी उघडलं होतं का? आठवून सांगा.” लोक हसायचे. एक तरुण यजमान म्हणाला, “गुरुजी, पेट्रोल परवडत नाही, टाकीभर टाका की!” गुरुजी मान खाली घालून म्हणाले, “एवढ्यात मिस्त्रीला दाखवून घ्या.” पानवाल्याने तर त्यांचं नावच ‘क्लच महाराज’ ठेवलं. मी त्याला झापणार होतो. गुरुजींनी हात धरला. “राहू द्या. खरंच आहे ते.”

पुढच्या दसऱ्याला मुक्ता आली, गाडीही आली. तिनेच बॉनेट उघडलं. “करा, बाबा.” गुरुजींनी चाकांना कुंकू लावलं. हात सवयीने तांब्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. “इथे कोरडंच बरं,” म्हणाले आणि पंच्याला हात पुसत बाजूला झाले. त्यानंतर कुणाच्याही घरी त्यांनी थेंब टाकला नाही. आमच्या चहाला काही फरक पडला नसावा. पण घोट घेण्याआधी मी उगाच थांबायचो.

गेल्या फाल्गुनात ते गेले. शेवटच्या दिवशी मुक्ता उशाशी होती. वाचा बंद झाली होती, ओठ सुकले होते. तिने तांब्यातून पळी भरली. गुरुजींचा हात उचलला गेला, नको म्हणावं तसा.

मुक्ताने तो हात आपल्या हातात घेतला. “बाबा, कोरडं नको.”

त्यांनी ओठ उघडले. मी खिडकीकडे बघत राहिलो.

तेरावा झाल्यावर मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. घरातलं तिने काहीच घेतलं नव्हतं, फक्त तो तांब्या. गंगेतून भरून आणलेला, तोंड फडक्याने घट्ट बांधलेला. तिने तो शेजारच्या सीटवर ठेवला, सीटचा पट्टा ओढून त्याभोवती लावला, एकदा हलवून बघितला आणि क्लच दाबला.