सव्वाआठला सोडलेली मालिका

तामोत्सु हिबिनो यांनी 'कोहारुची वाट' ही मालिका कायमची सोडून दिली, आणि तीही एकदा नाही, सहा महिन्यांत निदान शंभर वेळा. रोज सकाळी सव्वाआठला भाग संपला की कॉफीचा कप बशीत आदळून ते जाहीर करत, "बस्स झालं! उद्यापासून बघणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी सात वाजून वीस मिनिटांनी टोयोकोबाईंच्या कॅफेत, टीव्हीसमोरच्या पहिल्या खुर्चीवर, गळ्यात टॉवेल अडकवून पेपर वाचत बसलेले असत. मालिका लागायला तेव्हा चाळीस मिनिटं असायची. पण ती खुर्ची असाईंनी बळकावली तर?

आमच्या बिशूत, जपानच्या या लोकरीच्या गिरण्यांच्या भागात, सकाळच्या कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट मिळतं, त्यामुळे घरी न्याहारी करणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीने बघतात. टोयोकोबाईंकडची मंडळी ठरलेली. असाई म्हणजे चाळीस वर्षं लोकर रंगवून निवृत्त झालेले रंगारी, नखांत अजून निळा रंग. निवाबाई म्हणजे तांदळाच्या पापड्यांच्या दुकानाच्या मालकीण, दुकान सुनेकडे आणि जीभ स्वतःकडे. आणि हिबिनो, गिरणीत अडतीस वर्षं मागांची दुरुस्ती करणारे जॉबर. आठला मालिका, सव्वाआठपासून नऊपर्यंत तिची चिरफाड.

मालिका चांगली नव्हती, यावर कॅफेत कधीच मतभेद झाला नाही. गोष्ट आमच्याच भागातली. कोहारु नावाची पंधरा वर्षांची पोर लांबच्या बेटावरून गिरणीत येते, माग चालवायला शिकते आणि आयुष्यात वर येते. पहिल्या आठवड्यात सगळं गाव हरखून गेलं. दुसऱ्या आठवड्यात कोहारु चालू मागाशेजारी बसून निवांत चहा प्यायली. तिसऱ्या आठवड्यात दिवसभर राबून बाहेर पडली, तर केसांत लोकरीचा एक तंतू नाही. मग तिचा नवरा व्हायचा तो मुलगा ब्राझीलला गेला, परत आला, पुन्हा गेला. चौथ्या महिन्यात कोहारु मागबिग सोडून एका हरवलेल्या काकाला शोधायला निघाली. पाच आठवडे शोधलं. काका मागच्याच गल्लीत निघाला.

"मागच्या गल्लीत!" असाई ओरडले. "पाच आठवडे! मी चष्मासुद्धा इतके दिवस शोधत नाही."

"मग बघता कशाला?" निवाबाई.

"माझ्या आईने शिकवलंय, ताटात शीत टाकायचं नाही. वाढलंय तेवढं संपवायचं," असाई म्हणाले.

मग त्यांनीच निवाबाईंना उलट विचारलं, "आणि तुम्ही हो?"

"माझी रक्तदाबाची गोळी आठची. गाणं वाजलं नाही तर मला गोळी आठवत नाही. डॉक्टरांना विचारा."

टोयोकोबाई काउंटरमागून हसत. त्यांना ही मालिका फार आवडे. मागच्या वर्षी याच वेळेला लागणारी मालिका खरंच उत्तम होती. लोक डोळे पुसत मुकाट्याने घरी जायचे, दुसरी कॉफी कोणी मागवायचं नाही. यंदा सगळे नऊपर्यंत तावातावाने भांडत आणि दोन-दोन कप रिचवत.

हिबिनोंचं कारण मात्र वेगळं होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण त्यांनीच ते सांगितलं होतं. त्यांना मालिकेत आपलं नाव यायला हवं होतं.

झालं होतं असं. आदल्या शरद ऋतूत टीव्हीवाले चित्रीकरणासाठी बंद पडलेल्या जुन्या गिरणीत आले. तिथले गंजलेले माग चालू करील असा एकच माणूस उरला होता. हिबिनोंनी तीन दिवसांत दोन माग धडधडत चालू करून दिले. आपल्याला अजून कोणी बोलावतं, या आनंदात त्यांनी दिग्दर्शकापासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला मागाचा इतिहास ऐकवला, काहींना दोनदा. शेवटच्या दिवशी दुपारी एका मागाचा पट्टा तुटला. नवा आणायला ते शेजारच्या गावी मित्राकडे गेले. परत आले तेव्हा बायको डबा घेऊन आलेली होती, सगळे खाऊन पिऊन उठत होते, आणि एक तरुण साहाय्यक दोघांसमोर कमरेत वाकून म्हणाला, "फार उपकार झाले. नाव नक्की टाकू." वर मालिकेचं नाव छापलेला एक पांढरा टॉवेल भेट म्हणून मिळाला.

तोच हा गळ्यातला टॉवेल. सहा महिने हिबिनोंनी तो पदकासारखा मिरवला.

भागाच्या सुरुवातीला गाण्यावर नावं सरकत. गाणं लागलं की असाई विचारत, "काय, आज?" आणि हिबिनो मान उंचावून डोळे बारीक करत. केशभूषा करणाऱ्यांची नावं येत, मांजर पुरवणाऱ्याचं नाव आलं, एकदा तर काकाच्या खोट्या मिशीवाल्याचंही आलं. हिबिनोंचं आलं नाही. मग पुढची चौदा मिनिटं ते आपला सगळा राग कोहारुवर काढत. आत कुठेतरी त्यांना स्वतःची लाज वाटे. बहात्तर वर्षांचा घोडा, दोन नातवंडांचा आजोबा, आणि रोज सकाळी निकालाच्या यादीत नाव शोधणाऱ्या पोरासारखा ताटकळतो! सोडून द्यावं. उद्यापासून नाहीच जायचं. पण उद्याच नाव आलं तर? अशा विचारात सहा महिने गेले.

घरी सुमिए, त्यांची बायको, या भानगडीत पडत नसे. ती स्वतः पंधराव्या वर्षी दक्षिणेकडून आगगाडीने इथल्या गिरणीत आलेली, एकोणीस वर्षं मागावर उभी राहिलेली. "तुझीच गोष्ट आहे, बघ तरी," असं हिबिनो सुरुवातीला म्हणाले होते. "मला वेळ नाही असल्या फालतूपणाला," असं म्हणून ती मुळे चिरायला बसली होती. एका अर्थी बरंच झालं. घरी टीकेला साथ मिळाली नसती, आणि टीका केल्याशिवाय ती मालिका घशाखाली उतरत नव्हती.

शेवटच्या आठवड्यातला शुक्रवार उजाडला. उद्या शेवटचा भाग. कॅफेत आज एक खुर्ची रिकामी नव्हती. कोहारु आता म्हातारी झाली होती आणि बंद पडायच्या बेतात असलेल्या गिरणीत एकदा शेवटचा माग चालवणार होती. गाणं लागलं. नावं सरकू लागली. संगीत, कपडे, मांजर. आणि मग पडद्याच्या मधोमध 'विणकाम मार्गदर्शन' अशी ओळ आली आणि तिच्या खाली 'हिबिनो'.

"आलं! आलं!" असाई खुर्चीवरून उठलेच. निवाबाईंनी टाळ्या वाजवल्या. टोयोकोबाई काउंटरमागून पळत बाहेर आल्या. आमच्याकडे आडनाव आधी येतं, त्यामुळे सगळ्यांनी तेवढंच वाचलं. पूर्ण नाव फक्त हिबिनोंनी वाचलं.

"हिबिनो सुमिए," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या बायकोचं नाव टाकलंय! गाढव लेकाचे!"

टाळ्या थांबल्या. हिबिनोंचा पारा असा चढला की कोहारु काय बोलतेय ते कोणाला ऐकू येईना. "टीव्हीवाल्यांनी नावासाठी दिलेला फॉर्म तिने भरला होता! घरातले सगळे फॉर्म तीच भरते, माझं अक्षर लागत नाही ना. सवयीने स्वतःचं नाव लिहून मोकळी झाली असणार. आणि या शहाण्यांनी विचारलंही नाही! मागाला हात कोणी लावला? पट्टा कोणी आणला? सहा महिने चुका करतायत, करतायत, आणि एवढ्या सगळ्यांत ही चूक माझ्याच नशिबी! आज पत्र लिहितो. चार पानी लिहितो."

"उद्या शेवटचा भाग आहे, दुरुस्ती कधी करणार?" असाईंनी जखमेवर मीठ चोळलं.

"अहो, गप्प बसा की जरा," निवाबाई ओरडल्या. "ती माग चालू करतेय."

आठ वाजून अकरा मिनिटं झाली होती. पडद्यावर म्हातारी कोहारु मागासमोर उभी होती. माग सुरू झाला, आणि आवाज खरा होता. हिबिनोंच्या लगेच लक्षात आलं, तो त्यांनीच चालू करून दिलेला माग होता. ताण्याचा एक धागा तुटला. माग थांबला. कॅमेरा हातांवर आला.

दोन हात, म्हातारे. उजव्या अंगठ्याने तर्जनीवर एकदा हलकेच घासलं, जणू तिथली काही धूळ झटकायची होती. मग तुटलेली दोन्ही टोकं उचलली, एक वळसा, एक ओढ, आणि गाठ पडली. नक्की काय झालं ते दिसलंसुद्धा नाही. त्याच्यानंतर वाकडी करंगळी दिसली. तरुणपणी मागातून सुटलेल्या धोट्याने मोडलेली, वेडीवाकडी जुळलेली करंगळी.

हिबिनो खुर्चीच्या कडेवर पुढे सरकले.

"वा!" असाई म्हणाले. "पहिल्यांदा काहीतरी खरं दाखवलं लेकाच्यांनी. हे त्या नटीचे हात नव्हेत हं. हे मागावर उभं राहिलेल्या बाईचे हात आहेत. काय हो हिबिनोसान?"

हिबिनो टॉवेलचं टोक हातात धरून बसले होते. आता गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. छापण्यात चूक झाली असंच सगळ्यांना वाटलं होतं. उद्या मालिका संपली की विषयही संपला असता. चार दिवसांनी लोकांनी 'यांचंच नाव चुकलं होतं' असं म्हणून हळहळ केली असती. त्यांनी अंड्याचं टरफल गोळा केलं, बशीत ठेवलं, पुन्हा उचललं.

"चूक नाहीये," ते म्हणाले. "ते हात माझ्या बायकोचे आहेत. मी तेव्हा पट्टा आणायला गेलो होतो."

निवाबाईंनी हळूच विचारलं, "आणि टॉवेल?"

"टॉवेलही तिचाच असणार," हिबिनो म्हणाले आणि कॉफी अर्धी टाकून उठले. त्या दिवशी सव्वाआठ वाजले तरी त्यांनी मालिका सोडली नाही. ते विसरूनच गेले.

सुमिए मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ते फाटकातच थांबले. गळ्यातला टॉवेल काढला, घडी घातली, घडी नीट झाली नाही, पुन्हा घातली.

"हा तुझा," ते म्हणाले.

"माझाच आहे," ती म्हणाली. "द्या इकडे. सहा महिने धुवायला दिला नाहीत."

"तुला माहीत होतं? की आज दाखवणार?"

"दिवस नाही सांगितला त्यांनी. म्हणाले, कधीतरी येईल. म्हणून रोज बघायचे."

"रोज? कधी?"

"साडेसातला. उपग्रहाच्या वाहिनीवर आधी दाखवतात ना. तुम्ही सव्वासातला बाहेर पडता, मला बरं पडायचं."

"तू तर म्हणायचीस, फालतू आहे!"

"फालतूच आहे. पाच आठवडे काका शोधत होते." तिने एक शर्ट झटकला. "पण माझे हात होते त्यात. बघायला नको?"

हिबिनोंना हसू आलं आणि ते दाबताही येईना. एकाच घरातली दोन म्हातारी माणसं, एकमेकांना चोरून, एकच भिकार मालिका दीडशे दिवस बघत होती, एक नावासाठी आणि एक हातांसाठी.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पट्टा घेऊन परत आलात तेव्हा बोलत होतात. थांबलात की सांगू म्हटलं. तेव्हापासून बोलताच आहात."

हिबिनोंनी कपड्यांचे चिमटे उचलून तिच्यापुढे धरले. सुमिए पुढचा कपडा उचलायला वाकली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "करंगळीवरून ओळखलेत ना?"

सहा महिने तिला हेच हवं होतं, हे त्यांना आता कळलं. ओळखतात की नाही, एवढंच.

"नाही," ते म्हणाले. "करंगळी नंतर दिसली. तू अंगठा घासलास ना बोटावर, तेव्हाच ओळखलं."

"मी अंगठा घासते?"

"धागा घेण्याआधी. सुई घेण्याआधी. लोणच्यात मीठ घालताना तर रोज."

सुमिएने हातातला ओला कपडा दोरीवर टाकला आणि उजवा हात वर करून बघितला, उलटून बघितला. मग तोच अंगठा तिने तर्जनीवर एकदा मुद्दाम घासून पाहिला.

"पन्नास वर्षं बघत होतात हे?"

"हो."

"मग हे कधी बोलला नाहीत," ती म्हणाली. "बाकी सगळं तर बोलता."