भोंगा बंद करायचं घर

मला बोलायची बंदी झाली त्या हिवाळ्यात घरच्यांनी माझ्यासाठी दुसरा आवाज शोधला.

झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचा प्रचार मी करतो. ऑटोला भोंगा लावायचा आणि सावली गावापासून वैनगंगेच्या काठाकाठानं गावोगाव ओरडत फिरायचं. माझा चेहरा कोणाच्या लक्षात नसतो. आवाज ऐकला मात्र की बाया चुलीपासून उठून दारात येतात, म्हणतात, "आला बाप्पा, आता मंडई लागली." त्या साली ऐन मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि रात्रभरच्या नाटकांच्या, हंगामात चंद्रपूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. हंगामभर तोंड बंद ठेवा, नाहीतर आवाज कायमचा जाईल, म्हणाले. अर्धी जिंदगी बोलून खाल्ली. आता मुकं राहून काय खाणार?

लेक म्हणाली, "बाबा, एआयनं होते ना सारं. कायले टेन्शन घेता?"

मग सुरू झालं निवडणं. त्या निवडण्यानं जितका थकलो, तितका गावं फिरून कधी थकलो नाही. संगीताच्या एका ॲपनं नाटकाच्या जाहिरातीला लग्नाच्या हॉलमधली बासरी लावली. दुसऱ्याला ऑर्गन मागितला तर देवळातल्या घंटा वाजवल्या. व्हिडिओच्या ॲपनं आमच्या नाटकातली सासू बर्फाच्या डोंगरावर उभी केली, आणखी एकाची फुकटची मुदत चहा उकळेपर्यंत संपली. मेल लिहिणाऱ्यानं तेवढं बरं काम केलं. पण परवानगीचा अर्ज इतका गोड लिहिला की ठाणेदाराला परवानगी मागतोय की त्याच्याशी सोयरीक जुळवतोय, कळेना. लेक दर घडीला विचारायची, "हे ठेवू का ते?" मी मान हलवायचो. शेवटी शेवटी कशाला हलवतो तेही समजेनासं झालं.

आवाजाचं ॲप मात्र एका झटक्यात जमलं. जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यानं माझा आवाज हुबेहूब उचलला. खोकला नाही, धाप नाही, "रसिक मायबाप" तर माझ्याहून लांब ओढलं. बायकोला ऐकून रडू आलं. मला बरंही वाटलं, वाईटही. पेन ड्राइव्ह ऑटोवाल्याच्या हवाली केला आणि मी घरी पडून राहिलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या घरी मयत झाली त्या घराच्या अलीकडे भोंगा बंद करायचा, घर मागे पडलं की पुन्हा सुरू. ओसरीत गप्प बसलेली माणसं दिसली की हात आपसूक बटनावर जातो. ऑटोवाला नवा होता, दूर सिरोंच्याकडचा. त्याला हे सांगावं असं मला सुचलंच नाही, कारण आजवर ते काम तोंडाचं नव्हतंच, हाताचं होतं.

व्हायचं तेच झालं. नदीकाठच्या एका गावातून लेकीला फोन आला. "भाऊले सांगजा, आमच्या गावात परवाच मयत झाली. त्याच घरासमोरून 'हसून हसून पोट दुखंल' म्हणत गेले. आवाज त त्याहिचाच होता."

मला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेलो. नवरा गेलेली म्हातारी ओसरीत बसली होती. डॉक्टरांची बंदी मोडून मी बोललो. फुटक्या भांड्यासारखा आवाज निघाला. "बाई, काल भोंग्यावर मी नव्हतो."

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "तुम्ही कोन, भाऊ?"

"नाटकाचा भोंगेवाला."

"नाई, भाऊ. तो असा नाई बोलत." ती भांडत नव्हती, समजावत होती. "मागच्या साली माहा पोरगा गेला, तवा तो इथून भोंगा बंद करून गुपचूप गेला होता. यंदाही त्याचा आवाज दुरून आयकला अन् मी मनात म्हनलं, आता बंद करन, आता करन."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुम्हाले भेटला त विचारजा त्याले," ती म्हणाली, "काऊन नाई केला बंद म्हना."

विचारतो म्हणून मी मान हलवली.