स्टाफरूमने फीड आवरायला घेतलं तेव्हा

आमच्या स्टाफरूममध्ये पूर्वी मुलांचे किस्से साठायचे. कोणी उत्तरपत्रिकेत काय लिहिलं, कोणाचे बाबा येऊन काय बोलून गेले. आता मधल्या सुट्टीत डब्याच्या आधी फोन उघडतात, त्यामुळे साठतात तेही फोनवरचेच किस्से. सांगताना सगळे हसतो. घरी गेल्यावर आठवले की हसू येत नाही. म्हणून सांगून टाकते.

सुरुवात एका वर्कशॉपने झाली. शनिवारी मुलं गेल्यावर एक तरुण ट्रेनर आला. म्हणाला, "फीड तुम्ही चालवा, फीडला तुम्हाला चालवू देऊ नका!" म्यूट कसं करायचं, अनफॉलो कसं, ब्लॉक कसं, सगळं त्याने मोठ्या स्क्रीनवर दाखवलं. आम्ही वसईतल्या मराठी शाळेतली माणसं, परीक्षेत बघावं तसं एकमेकांच्या फोनमध्ये बघत होतो. सोमवारपर्यंत सगळ्यांनी आपापलं फीड साफ करायचं, असं ठरलं.

*

गणिताच्या फिलोमिना बाई इथल्याच गास गावच्या. रिटायरमेंट जवळ आलेली. त्यांनी कधीतरी गुडघेदुखीचा एक व्हिडिओ बघितला होता. तेव्हापासून फोन उघडला की गुडघेच! तेल, पट्टे, आसनं, ऑपरेशन.

"अगं, मला गुडघे दोनच आहेत!" त्या करवादायच्या.

वर्कशॉपनंतर त्या प्रत्येक व्हिडिओवर 'हे दाखवू नका' दाबायला लागल्या. पण बाई पडल्या गणिताच्या. पेपर पूर्ण वाचल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत, तसा व्हिडिओ शेवटपर्यंत बघायच्या, मग दाबायच्या! फोनची समजूत अशी, की या बाईंना फारच गोडी आहे. गुडघ्यांनंतर कंबर आली. कंबरेनंतर वॉकर. आणि एक दिवस आली एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठीच्या वृद्धाश्रमाची जाहिरात. झाडाखाली बाकावर हसणारी आजी.

बाईंनी डबा बंद केला.

"गुडघे कळले ते ठीक आहे. पोरं कॅनडाहून परत येणार नाहीत, हे ह्याला कोणी सांगितलं?"

*

माझी साफसफाई सोपी होती. मी पहिल्यांदा आमच्या शाळेचंच पेज म्यूट केलं. रोज सकाळी सुविचार, दुपारी वाढदिवस, संध्याकाळी मुख्याध्यापकांचा सत्कार. दिवसभर शाळा बघायची आणि घरी जाऊन परत शाळाच!

चार दिवसांनी केबिनमध्ये बोलावणं आलं.

"मॅडम, कालच्या पोस्टवर तुमचा लाईक नाही."

"सर, मी फीड जरा कमी केलंय. आपल्या वर्कशॉपमध्ये सांगितलं ना तसं."

"मॅडम, वर्कशॉप आपण कशासाठी ठेवलं होतं?"

"कशासाठी?"

"फोटोसाठी!"

आदल्या दिवशीची ती पोस्ट वर्कशॉपचीच होती. सरांनी मला समोर उभं करून लाईक करायला लावलं.

*

पीटीचे राऊत सर एव्हरशाईन सिटीत राहतात, धाकटा भाऊ आगाशीला. भाऊ राजकारणातलं काहीबाही दिवसभर टाकत असायचा. सरांचं डोकं फिरायचं. वर्कशॉपच्या आधीच त्यांनी त्याला म्यूट केलं होतं, आणि ट्रेनरसमोर ते अभिमानाने सांगितलंही. "सख्खा भाऊ असला तरी काय? शांतता महत्त्वाची!"

मग एका लग्नात भाऊ भेटला. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, गाल आत गेलेले.

"काय रे, काय झालं तुला?"

"बायपास झाली, दादा. तू आला नाहीस."

"अरे, एक फोन नाही करायचा?"

"पोस्ट टाकली होती की. सगळे येऊन गेले."

भावजयीने फोन केला नाही, पुतण्याने केला नाही, असं काहीतरी सर बडबडले. शेवटी चिडून म्हणाले, "आणि माझ्या नवीन घराच्या पूजेला तू कुठे आलास? मीही फोटो टाकले होते!"

भाऊ म्हणाला, "ते मला कुठून दिसणार? मी तुला कधीचाच बंद केलाय."

*

हा पुढचा खरं तर किस्सा म्हणून सांगू नये.

आमच्या शाळेच्या एका व्हॅनचा ड्रायव्हर होता, शिवकुमार. उत्तरेकडचा, नालासोपाऱ्यात राहायचा. तिसरीतल्या एका मुलीला शाळेत ताप भरला. आई कामावर. तिनेच शिवकुमारला फोन केला, "भैया, हिला घरी सोडा ना, शेजारच्या काकूंकडे चावी आहे." त्याने सोडलं. मुलगी झोपली होती म्हणून खांद्यावर घेऊन गल्लीतून गेला. कोणीतरी मागून व्हिडिओ काढला. पाठ, खांद्यावर लोंबणारं डोकं आणि खाली अक्षरं: मुलं पळवणारा!

संध्याकाळपर्यंत तो आम्हा सगळ्यांच्या फोनवर होता. मागून कोण ओळखणार? आमच्यातल्या तिघांनी 'सावध राहा' लिहून पुढे पाठवला. गल्लीतल्या पोरांनी मात्र त्याला ओळखलं. शर्ट फाडला, ओठ फोडला. मुलीची आई धावत आली म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी फोनमधून व्हिडिओ डिलीट केला. फीड साफ! आईने पालकांच्या ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. तरी आठवडाभरात त्याची व्हॅन रिकामी झाली. मी एका पालकाला विचारलं, तर म्हणाले, "खोटं आहे ते माहीत आहे हो, मॅडम. पण रिस्क कशाला?"

गावी परत जाण्याआधी शिवकुमार भेटायला आला. मी म्हटलं, "तो व्हिडिओ तुम्ही बघू नका."

"देख लिया, मॅडम. मेरे फोन पे भी आया. गाँव से बाबूजी ने भेजा." ओठाची खपली सांभाळत तो हसला. "लिखा था, बेटा, शहर में ऐसे लोग घूम रहे हैं. अपनी व्हॅन के बच्चों को सँभालना."

*

विज्ञानाच्या वर्तक बाई वर्कशॉपला बसल्या होत्या, पण फोन पर्समधून काढला नाही. ब्लॉक म्हणजे काय, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या एकुलत्या मुलीने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. लग्नाच्या फोटोखाली तिच्या मामाने नको ते लिहिलं. वर्तक बाईंनी स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. फक्त मामाच्या कमेंटला अंगठा दिला. त्याच दिवशी मुलीने त्यांना ब्लॉक केलं. फोनवरूनही, सगळीकडून.

मुलगी पुण्याला. बाळ झाल्याचं बाईंना दुसऱ्यांकडून कळलं. मग त्यांनी दुसरं अकाउंट उघडलं. नाव स्वयंपाकाचं, स्वतःचा फोटो नाही. खरं वाटावं म्हणून उकडहंडीचा, मडक्यात शिजवायच्या भाजीचा, एक व्हिडिओ टाकला. त्यात बाई नाहीत, फक्त मडकं. आणि मुलीला रिक्वेस्ट पाठवली. तिने घेतली! तेव्हापासून वर्तक बाई मधल्या सुट्टीत खिडकीशी उभ्या राहून नातवाचे फोटो बघतात.

"आणि तुमचं खरं अकाउंट?" फिलोमिना बाईंनी विचारलं.

"ते ब्लॉकच आहे."

परवा त्या आमच्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तिचा मेसेज आला. 'काकू, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू सांगाल का? मला विचारायला कोणी नाही.'"

आम्ही दोघींनी डबे बाजूला सारले.

"मी सगळं नीट लिहिलं. डिंक तुपात फुलवून घ्या, खारीक जाडसर कुटा, गरम असतानाच वळा. सगळीकडे घ्या, कुटा, वळा. एकदाही चुकून 'घे' लिहिलं नाही."

"मग?"

त्यांनी फोन पुढे केला. मुलीचं लगेच उत्तर आलेलं होतं: 'आणि गूळ किती घालू गं?'

फिलोमिना बाईंनी वाचलं. मी वाचलं.

"तुम्ही काय लिहिलंत?"

वर्तक बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला.

"मी लिहिलं, पाव किलो घाला, ताई."