उघड्या पायांचा गरुड

धनसिंग गेल्याचं मला पांढरकवड्याच्या बसस्टँडवर कळलं, तेही तीन आठवड्यांनी. त्याच्या तांड्यातला एक जण म्हणाला, "तुमाले कोणी सांगतलं नाही काय बाबू?" कोण सांगणार... आणि कोणत्या तोंडानं मी गेलो असतो?

१९५६ साली मी जंगलखात्यात कारकून होतो, तो जंगल राखणारा नाकेदार. तांड्यातल्या कोंबड्या गरुड उचलून नेतो अशी तक्रार आली, म्हणून साहेब बंदूक घेऊन निघाले. वाट दाखवायला धनसिंग, टिपणाला मी. ऐनाच्या झाडावर तपकिरी, शेंडीवाला पक्षी बसलेला. साहेबांनी नेम धरला तसा धनसिंग म्हणाला, "सायेब, हा तो नव्हे. याचे पाय पाहा, उघडे, पिवळे. हा साप खाते. कोंबड्यावाल्याले बोटांपर्यंत पिसं असते." रंग फसवतो, शेंडी दोघांनाही असते, आधी पाय बघावेत, हे तो मला नेहमी सांगायचा. साहेबांनी "मला शिकवतोस?" म्हणत बार काढला. पोट फाडलं तर आत अर्धा साप निघाला.

तरी पक्ष्यात पेंढा भरून तो डाकबंगल्यात मांडला, आणि साहेबांच्या सांगण्यावरून मी चिठ्ठी लिहिली, 'कोंबडीमार गरुड'. इकडे कोंबड्या जातच राहिल्या. वरून विचारणा झाली, तेव्हा साहेबांनी मजकूर सांगितला: नाकेदारानं चुकीचा पक्षी दाखवला. एकाच पक्ष्याबद्दल दोन खोट्या नोंदी, दोन्ही माझ्या सुवाच्य अक्षरात. त्या अक्षराची मला भारी घमेंड होती.

धनसिंगची नोकरी गेली. तो माझ्या घरी आला, पण बसला नाही.

"बाबू, तुमी तं तिथंच होते. कायले असं लिवलं?"

"मी पडलो हुकमाचा माणूस."

"नोकरी गेली तं गेली. त्या पाखराचं नाव तरी बरोबर लिवा."

तेवढंही मी केलं नाही. पुढे तो बांबू तोडायला जाई. रस्त्यात भेटला की राम राम आधी तोच घाली, आणि मला माझीच शिसारी येई.

परवा डाकबंगल्यावर गेलो. पक्ष्याची पिसं झडलीत, शेंडी गेली आहे. पाय तेवढे तसेच, उघडे. चिठ्ठी काढून मी नवी लिहिली, 'सर्पगरुड'. चौकीदार मान वाकडी करून बघत होता.

"हे कोणी सांगतलं बाबू?"

"धनसिंग नाकेदारानं," मी म्हणालो. "गोळी सुटायच्या आधी. मी तिथंच होतो."