भावाच्या पदवीचा अभ्यास

माझा भाऊ इंग्लंडला बिझनेस आणि फायनान्स शिकायला गेला आणि शिकले मी. कुणाला ही थट्टा वाटेल. वाटू दे. साठी उलटली आता, कुणाची भीड ठेवायचं वय राहिलं नाही. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालघरहून समुद्राच्या अंगाला आमचं गाव, बाबांची पानवेलींची आणि केळीची वाडी. आम्ही भावंडं दोघंच. मी थोरली, तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बी.कॉम.ला मी कॉलेजात पहिली आले. तो नुसता पास झाला तर आईनं गावभर पेढे वाटले. विलायतेत शिकायचं खूळ माझं. पेपरातली जाहिरात मी कापून ठेवली, विद्यापीठाला पत्र मी घातलं, दोघांचे फॉर्म मी मागवले आणि दोघांचे अर्जही मीच लिहिले. प्रवेश दोघांनाही मिळाला. बाबांनी वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकला, तेव्हा कळलं की त्यात एकच जण जाऊ शकेल.

बाबा म्हणाले, "आधी तो जाऊ दे. दोन वर्सांनी तो तुला बोलवून घेल. पोरीला एकटीला पाठवली तर लोक नाय नाय ते बोलतील. भाऊ हाय तिथं म्हटलं की मग कुणाला बोलाय जागा नाय."

ऐकायला किती शहाणपणाचं! मीही मान डोलावली. दोन वर्षं काय, बघता बघता जातील असं वाटलं. त्याची ट्रंक मी भरली, स्वेटर मी विणला, आणि तो गेल्यावर बोईसरला एका केमिकलच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले.

पहिली टर्म संपली आणि त्याचं पत्र आलं. निळ्या एअर लेटरवर त्याचं ते बारीक, घाबरट अक्षर. दोन विषयांत नापास. वर्गात सर काय बोलतात ते कळत नाही, थंडीनं बोटं आखडतात, जेवण घशाखाली उतरत नाही. निबंध पुन्हा लिहून दिले नाहीत तर घरी पाठवतील. बाबांना मी पत्र वाचून दाखवलं. आई डोळ्यांना पदर लावून बसली. बाबा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तुला येतं ना हे? मग दे की लिहून. आपल्याच घरचं काम हाय."

झालं. तो प्रश्न पाठवायचा आणि पुस्तकातल्या पानांच्या झेरॉक्स पाठवायचा. ते पाकीट यायला दहा-बारा दिवस लागायचे. मी वाचायची, समजून घ्यायची, लिहायची आणि परत पाठवायची. पुढच्या वर्षी हातात येणारा रुपया आजच्या रुपयाएवढा का नसतो, ते मी बोईसरच्या कारखान्यात डबा खाताना शिकले. कारखाना काढावा की न काढावा हे कसं ठरवायचं, उधारीवर धंदा किती दिवस तगतो, सगळं त्या झेरॉक्सवरून. शिकवायला कुणी नव्हतं. अडलं तर एकच पान आठ-आठ वेळा वाचायची. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. रागावून, कुरकुरून केलं असतं तर आज एवढं जळलं नसतं. पाकीट यायला उशीर झाला तर मी पोस्टमनला वाटेत गाठायची.

परीक्षा त्याच्या त्यानं दिल्या. मी पाठवलेले मुद्दे पाठ करून दिल्या, पण दिल्या. तेवढं श्रेय त्याचं. ते मी कधी नाकारलं नाही.

दुसऱ्या वर्षी मोठा प्रबंध लिहायचा होता. आपल्या देशातल्या एखाद्या धंद्यावर लिहा, असं त्याच्या प्राध्यापकांनी सांगितलं. त्यानं लिहिलं, "ताई, तूच काहीतरी सुचव." सुचव म्हणजे कर, हे एव्हाना मला कळत होतं. मी सातपाटी निवडली, आमच्या जवळचं कोळ्यांचं गाव.

आमच्याकडे मासळी घालायला सातपाटीची एक मावशी यायची. नवरा बोटीवर, आणि ही डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव. मी तिला म्हटलं, मला तुमचा धंदा समजून घ्यायचाय. ती हसली. म्हणाली, "बी.कॉम. झालीस नि पाटी उचलणार काय?" पण मग पुढचे चार-पाच महिने दर रविवारी मी सातपाटीला जायची आणि ती मला हाताला धरून घरोघर फिरवायची. मच्छीमारांच्या सोसायटीत पापलेट वजनावर कसं जातं, बर्फ आणि डिझेल कसं मिळतं, हे पुरुषांनी सांगितलं. ते सगळं छापील कागदावरही होतं. बायकांचं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. बोट रिकामी आली, दुरुस्तीला लागली, तरी घरात चूल पेटते ती कशावर? सुकटीवर, बोंबलावर, बायकोच्या रोजच्या विक्रीवर. आणि बोटीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ताही पुष्कळदा त्यातूनच जातो.

वाळत टाकलेल्या बोंबलांखाली बसून मावशी एकदा बोलून गेली, "कर्ज बोटीवर काढतात नि फेडतो आमी पाटीवर. बँकवाल्याला बोट दिसते, पाटी दिसत नाय."

मी ते तिथल्या तिथे वहीत उतरवलं. घरी आल्यावर त्याचं नीट इंग्रजी केलं आणि सगळा प्रबंध त्या एका वाक्यावर उभा केला. बँकेनं कर्ज देताना घरातली दुसरी कमाई धरली पाहिजे, ती कशी मोजावी, न मोजल्यानं काय काय चुकतं. शंभराच्या वर पानं झाली. कारखान्यातल्या टाइपरायटरवर कामाची वेळ संपल्यावर रोज तासभर टाइप करत बसायची. गेटवरचा वॉचमन उत्तरेकडचा होता. तो एकदा विचारता झाला, "मॅडम, पढाई भाई कर रहा है या आप?" मी हसले. तेव्हा हसूच आलं मला.

प्रबंधाला उत्तम गुण मिळाले. प्राध्यापकांनी त्याला बोलावून पाठ थोपटली, आणि त्याच जोरावर त्याला लंडनला एका कंपनीत नोकरी लागली. प्रबंधाची एक बांधीव प्रत त्यानं घरी पाठवली. आतल्या पहिल्या पानावर आभार होते. आईबाबांचे, प्राध्यापकांचे, आणि सर्वात शेवटी 'माझ्या बहिणीचे, टायपिंगबद्दल'. थोडं टोचलं. पण म्हटलं, बिचाऱ्यानं दुसरं काय लिहायचं? निदान आठवण तरी ठेवली. एवढी मी भोळी. बाबांनी ती प्रत देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवायला लागले, "आमच्या पोरानं पुस्तक लिवलंय, सातपाटीवर."

आता माझी पाळी होती. सत्तावीस पुरी झाली होती मला. तीन स्थळं आली होती आणि तिन्ही मी परतवली होती, मी शिकायला जाणार आहे असं सांगून. काकू तोंडावर म्हणायची, "हिचं विमान कधी येतंय?" मी भावाला पत्र घातलं की मी पुन्हा अर्ज करतेय. त्याचं उत्तर आलं, कर, चांगलं आहे, पण घाई नको. पुढच्या पत्रात हवापाणी. त्याच्या पुढच्या पत्रात नव्या घराचं वर्णन. मी वाट बघायचं सोडलं आणि विद्यापीठाला थेट लिहून फॉर्म मागवला. तेच विद्यापीठ, तोच अभ्यासक्रम. दुसरं कुठलं मला कुठे ठाऊक होतं? तिथली प्रश्नपत्रिका कशी असते हेसुद्धा मला पाठ झालं होतं.

अर्जासोबत, तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या आर्थिक प्रश्नावर दहा पानं लिहून मागितली होती. मला सगळ्यात जास्त काय माहीत होतं? मी सातपाटीवर लिहिलं. प्रबंधातलं उतरवून काढलं नाही, सगळं नव्यानं मांडलं, आधी राहून गेलेलं घातलं. पण मावशीचं ते वाक्य मला सोडवेना. माझ्याच इंग्रजीत, शब्दाला शब्द तसंच, मी ते पहिल्या पानावर घातलं. अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. खरं तर मला वाटलंच नाही की ते दुसऱ्या कुणाचं आहे.

दीड महिन्यानं पाकीट आलं. बाबा वाडीतून धावत आले. "बोलवलं काय?"

मी ओटीवर उभ्यानंच वाचलं. फार सभ्य इंग्रजी होतं. तुमच्या लेखनातला महत्त्वाचा विचार, आणि काही ठिकाणी वाक्यंही, आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या प्रबंधातली आहेत असं त्याच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं. पत्ता एकच असल्यानं आम्ही त्या विद्यार्थ्याकडे चौकशी केली. ते आपले बंधू आहेत असं समजलं. प्रबंध आपण टाइप केला होता, त्यामुळे तो आपल्या लक्षात राहिला असावा आणि आपण हे अजाणतेपणी केलं असावं, असं त्यांनी कळवलं आहे. आपल्यावर कुठलाही ठपका ठेवू नये अशी त्यांनी विनंतीही केली आहे. तरीही आम्ही आपल्याला प्रवेश देऊ शकत नाही.

ठपका ठेवू नये म्हणून रदबदली! माझ्यासाठी! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण तो चोर निदान संन्याशाच्या वतीनं दयेचा अर्ज करत नाही. मी पत्र दोनदा वाचलं. मग बाबांना म्हटलं, "नाही बोलवलं." ते म्हणाले, "जाऊ दे. नशिबात नाय." आणि पुन्हा वाडीत गेले.

दिवाळीला तो आला. लग्न ठरवायला आला होता, म्हणून घरात पाहुण्यांची रीघ. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगल्यावर ते पत्र त्याच्यापुढे ठेवलं. आईबाबा तिथेच होते.

त्यानं ते नीट वाचलंही नाही. मजकूर त्याला ठाऊकच होता. "ताई, मी काय लिहायला हवं होतं?" तो म्हणाला. "खरं लिहिलं असतं तर डिग्री काढून घेतली असती. नोकरी गेली असती. मग या घराचं काय?"

"मला तरी कळवायचंस. त्यांचं पत्र येण्याआधी."

"कसं कळवणार? आणि मला काय माहीत तू तेच लिहिशील! दुसरं काहीही लिहायचंस. ते वाक्य कशाला वापरलंस तू?"

"माझं होतं म्हणून," मी म्हटलं.

आता तो माफी मागेल असं मला वाटलं. अगदी त्या क्षणापर्यंत वाटत होतं. मग तो बाबांकडे बघून म्हणाला, "मी तिच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही." आणि बाबा म्हणाले, "खरं हाय. त्यानं तुझी बाजूच घेतली, पोरी." आई म्हणाली, "आपलेच दात नि आपलेच ओठ. बाहेर बोलू नको कुठं."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाट मांडला, आईनं ताट तयार केलं, निरांजन लावलं. तो नवा शर्ट घालून पाटावर येऊन बसला. होणाऱ्या सासरची माणसं आली होती, गल्लीतल्या बायका दारात होत्या. मी खांबाला टेकून बसले होते ती उठलेच नाही. आई म्हणाली, "ऊठ गो." मी म्हटलं, "नाही ओवाळणार." तिनं डोळे वटारले, मग डोळ्यांत पाणी आणलं. मी बसूनच राहिले. निरांजनातलं तूप संपत आलं तेव्हा शेवटी चुलत बहिणीला बोलावलं आणि तिनं ओवाळलं. तिच्या ताटात त्यानं माझ्यासाठी आणलेलं घड्याळ घातलं.

परदेशी मी गेले नाही. लग्नही राहिलं ते राहिलंच. त्याच कारखान्यात हिशेबखात्यात सरकले आणि तिथूनच निवृत्त झाले. आईबाबा गेले. गावात अजून माझ्याबद्दल सांगतात, भाऊ एवढा साता समुद्रापलीकडून आला आणि हिनं त्याला ओवाळलं नाही, मत्सर किती असावा माणसाला! काकूच्या सुना तर मुलींना माझा दाखला देतात. मी ऐकून घेते. खरं काय ते विद्यापीठाला एका पत्रात कळवता आलं असतं. मावशीबरोबर फिरून लिहिलेल्या सगळ्या वह्या माझ्याकडे आहेत, तारखांसकट, माझ्या अक्षरात. एकदा पत्र लिहिलंही, पाकिटात घातलं, पत्ता टाइप केला. आणि फाडून टाकलं. त्याची दया आली म्हणून नव्हे, शपथेवर सांगते. ते पत्र पोचलं असतं तर त्यांनी ती पदवी रद्द केली असती, आणि तेवढी एकच पदवी मी परदेशातून मिळवलेली आहे.